रंगामागचे जस्त

न्यू मेक्सिकोतल्या केली खाणीतला नमुना निळसर हिरवा असतो. मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतातल्या चॉइक्सचा फिकट गुलाबी. उत्तर आर्कान्सॉमधला पिवळाधमक. नामिबियातल्या त्सुमेबच्या खाणीने हिरवा, गुलाबी, पिवळा, पांढरा असे जवळजवळ सगळेच रंग दिले. आणि अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये हे खनिज भुरकट, छिद्राछिद्रांचे, वाटेत पडलेले असले तरी कुणी वाकून उचलणार नाही असे सापडते. हे सगळे एकच आहे : जस्ताचे कार्बोनेट, म्हणजे स्मिथसोनाइट. हे पाच तुकडे शेजारी शेजारी मांडले तर नवखा माणूस पाच नावे विचारतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. डोळ्यांना आधी रंगच दिसतो. खनिजे ओळखताना मात्र रंगाला शेवटी विचारायचे असते, आणि ही शिस्त अंगी बाणवायला स्मिथसोनाइटइतका चांगला शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

म्हणूनच रंगीत कार्बोनेट खनिजांची ओळख करून देणाऱ्या या पुस्तिकेच्या दारात मी त्याला उभे केले आहे. मॅलॅकाइट, अझुराइट, ऱ्होडोक्रोसाइट ही मंडळी अधिक प्रसिद्ध आहेत, आणि पुढच्या प्रकरणांत ती येतीलच. पण त्यांचा रंग हा त्यांच्या घडणीचाच भाग आहे. मॅलॅकाइट हिरवा असतो कारण तांबे त्याचा मूळ घटक आहे. ते तांबे काढून घेतले तर मॅलॅकाइटच उरत नाही. ऱ्होडोक्रोसाइटचा गुलाबी-लाल रंग मँगनीजचा. तिथे रंग निदान खोटे तरी बोलत नाही. जस्ताचे तसे नाही. जस्ताला स्वतःचा रंग नाही, आणि शुद्ध स्मिथसोनाइट रंगहीन किंवा पांढरा असतो. त्याच्यावर दिसतो तो प्रत्येक रंग बाहेरून आलेल्या पाहुण्याचा आहे. थोडे तांबे शिरले की हिरवा, निळसर हिरवा. कोबाल्ट शिरले की गुलाबी. कॅडमियम असेल तर पिवळा, आणि तो बहुतेक वेळा कॅडमियम सल्फाइडच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो. लोह आले की तपकिरी. आर्कान्सॉच्या पिवळ्या धातुकाला तिथले खाणकामगार टर्कीची चरबी म्हणत, तर विस्कॉन्सिनच्या भुरकट सच्छिद्र धातुकाला सुकलेले हाड. दोन्ही नावे देणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले ते अचूक सांगितले. पण त्यावरून ही दोन सख्खी भावंडे आहेत हे कुणाला कळले नसते.

पाहुण्यांना इतकी सहज जागा का मिळते, हे समजून घेण्यासारखे आहे. स्मिथसोनाइटची अंतर्गत रचना कॅल्साइटसारखीच आहे. कार्बन आणि ऑक्सिजन मिळून बनलेले सपाट त्रिकोणी गट आणि त्यांच्या मधल्या जागांत धातूचे आयन, असा तो सांगाडा. कॅल्साइटमध्ये त्या जागी कॅल्शियम बसते, इथे जस्त. लोह, मँगनीज, मॅग्नेशियम, कोबाल्ट या धातूंचे आयन आकाराने जस्ताच्या जवळपासचे आहेत, त्यामुळे स्फटिक वाढत असताना आजूबाजूच्या पाण्यात जे मिळेल त्यातले थोडेथोडे आत सामावले जाते. आयन मोठा असल्यामुळे कॅल्शियमला मात्र तिथे फारशी जागा होत नाही. रंग बदलायला शेकड्यात थोडासा अंश पुरतो. वजन, कठिनता, अम्लाशी वागणूक या गोष्टी तेवढ्याने फारशा हलत नाहीत. ओळख पटवताना रंग सोडून या गोष्टींकडे वळायचे, ते याच कारणाने.

हे खनिज जन्मते कसे तेही सांगायला हवे, कारण कुठे शोधायचे आणि कुठे शोधू नये हे त्यावरून कळते. जमिनीत खोलवर जस्त बहुधा गंधकाशी बांधलेले असते. ते खनिज म्हणजे स्फॅलेराइट. त्याच्यासोबत शिशाचे गॅलेना असते. पावसाचे, हवेतला ऑक्सिजन घेतलेले पाणी या सल्फाइडांपर्यंत झिरपत पोचले की ती विघटन पावतात आणि अम्लधर्मी पाणी तयार होते. शिशाची नवी संयुगे पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून शिसे जागच्या जागी राहते. जस्त मात्र विरघळून वाहत जाते. वाटेत चुनखडक किंवा डोलोमाइट लागला की अम्ल निवते, आणि चुनखडकातले कॅल्शियम निघून जाऊन त्या जागी जस्ताचे कार्बोनेट बसते. कधी हे इतक्या हळूहळू आणि इमानाने घडते की मूळ कॅल्साइटच्या स्फटिकाचा टोकदार आकार जसाच्या तसा राहतो, आतला माल तेवढा बदललेला असतो. पोकळी मोकळी असेल तर भिंतीवर थरावर थर चढत गोलाकार फुगवटे तयार होतात. द्राक्षगुच्छाकार पृष्ठभाग आणि त्यावरची मोत्यासारखी मंद चमक असलेले संग्राहकांचे लाडके नमुने इथेच घडतात.

आता महाराष्ट्राचा विचार करा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या विपुल आहेत आणि त्यांत कॅल्साइट, झिओलाइटे, अपोफिलाइट यांची श्रीमंती जगभर नावाजलेली आहे. पण ज्यांच्या विघटनातून स्मिथसोनाइट तयार व्हावे असे जस्ताच्या सल्फाइडांचे साठे त्या बेसाल्टमध्ये नाहीत. त्यामुळे एखाद्या बेसाल्टच्या खाणीतून आलेला हिरवा, गोल फुगवट्यांचा दगड कुणी स्मिथसोनाइट म्हणून पुढे केला, तर आधी थांबावे. मुंबईच्या कांदिवली आणि मालाडच्या दगडखाणींतून निघालेला फिकट हिरवा प्रेहनाइट दिसायला विलक्षण जवळचा आहे. सिन्नरजवळच्या म्होदरीचा पिवळा फ्लुओराइटही गोळ्यागोळ्यांच्या रूपात येतो आणि पिवळ्या स्मिथसोनाइटची आठवण करून देतो. ही दोन्ही खनिजे आपापल्या जागी मोलाची आहेत. त्यांना दुसऱ्याचे नाव देण्याची काहीच गरज नाही.

तर मग ओळख पटवायची कशी? पहिली कसोटी हाताचीच. स्मिथसोनाइट उचलताच जड लागतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व ४.४ च्या आसपास आहे, कॅल्साइटचे २.७, प्रेहनाइटचे २.९, फ्लुओराइटचे ३.२, आणि ज्याच्याशी त्याची सर्वांत जास्त गल्लत होते त्या हेमिमॉर्फाइटचे ३.४५ च्या आसपास. हाताला चांगली सवय झाली की मुठीत मावणाऱ्या तुकड्यातही कॅल्साइट आणि स्मिथसोनाइट यांच्यातला फरक डोळे मिटून सांगता येतो. पण सवय होईपर्यंत तराजू वापरावा. साधा डिजिटल काटा, दोरा आणि पाण्याचे भांडे एवढे पुरते. नमुना कोरडा असताना वजन घ्या. मग दोऱ्याला टांगून, भांड्याच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण पाण्यात बुडवून वजन घ्या. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. समजा, कोरडे वजन ८८ ग्रॅम भरले आणि पाण्यात ६८, तर फरक २० आणि उत्तर ४.४. तेवढ्याच, म्हणजे ८८ ग्रॅम वजनाचा कॅल्साइट पाण्यात ५५ ग्रॅमच्या जरासाच वर भरेल. आकडे इतके दूर आहेत की काटा थोडा चुकला तरी निकाल बदलत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. नमुन्याखाली मूळ खडकाचा मोठा भाग चिकटलेला असेल तर येणारा आकडा दोघांचा मिळून येतो आणि काही सांगत नाही. आणि सच्छिद्र नमुन्यात हवा अडकून आकडा खाली येतो. तो आधी पाण्यात बराच वेळ ठेवून, बुडबुडे निघून गेल्यावर तोलावा.

दुसरी कसोटी कठिनतेची. मोहसच्या मापात स्मिथसोनाइट ४ ते ४.५ वर बसतो. तांब्याच्या नाण्याने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, स्मिथसोनाइटवर उठत नाही. चाकूच्या पोलादी टोकाने, जोर दिल्यावर, उठतो. प्रेहनाइट ६ च्या वर असल्याने तो चाकूला दाद देत नाही. म्हणजे कांदिवलीच्या त्या हिरव्या दगडाचा निकाल चाकूच्या टोकावरच लागतो, अम्लाची बाटली उघडावीही लागत नाही. ओरखडा काढायचा तो नमुन्याच्या मागच्या बाजूला, खालच्या कडेला, आणि एकदाच. दर्शनी पृष्ठभागावर चाकू फिरवलेले सुंदर नमुने मी पाहिले आहेत आणि ते पाहताना वाईट वाटते. जे तयार व्हायला हजारो वर्षे लागली असतील त्याची चमक एका खाजेपायी गेलेली असते.

कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, पांढराच येतो, नमुना हिरवा असो की गुलाबी. चकाकी नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासून पाहिले की हिरव्या मॅलॅकाइटची रेघ हिरवट उमटते आणि हिरव्या स्मिथसोनाइटची पांढरी. रंग हा स्मिथसोनाइटचा स्वतःचा नाही, याचा इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. पाटन कॅल्साइटसारखे, तीन दिशांनी तिरकस तुकडे पाडणारे असते. पण गुच्छाकार नमुन्यात ते सहसा दिसत नाही. तिथे तुटलेल्या कडेवर मध्यापासून बाहेर पसरणारे तंतू दिसतात. सुटे स्फटिक मिळाले तर भिंगाखाली त्यांच्या कडा आणि पृष्ठे किंचित वळलेली आढळतात. अतिनील दिव्याखाली काही नमुने उजळतात, काही नाही. त्या उजेडावर नाव ठरवू नये.

अम्लाच्या कसोटीवर जरा थांबतो, कारण या खनिजाच्या इतिहासातला मोठा वाद अम्लात निघणाऱ्या बुडबुड्यांवरच झाला. सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब कॅल्साइटवर टाकताच फसफस होते. स्मिथसोनाइट थंड अम्लाला सावकाश, कधी दिसेल न दिसेल असा प्रतिसाद देतो. अम्ल कोमट केले किंवा थेंब त्याच्या चूर्णावर टाकला की बुडबुडे नीट येतात. हेमिमॉर्फाइट हे जस्ताचे सिलिकेट असल्याने त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही. ते अम्लात विरघळते आणि मागे लिबलिबीत सिलिका ठेवते. चूर्ण करायला नखाएवढा कण पुरतो. हात आणि डोळे यांची काळजी घ्यावी, खिडकी उघडी ठेवावी, आणि थेंब संपल्यावर नमुना भरपूर पाण्याने धुवावा. अम्लाने मोत्याची चमक कायमची मरते.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपात जस्ताच्या या सगळ्या रूपांना कॅलामाइन हे एकच नाव होते. आज आपण ज्यांना स्मिथसोनाइट, हेमिमॉर्फाइट आणि हायड्रोझिंकाइट म्हणतो ती सगळी त्यात आली. त्यांतला भेद न कळल्याने पितळ बनवणाऱ्यांचे काही अडत नव्हते. रोमन काळापासून ते कॅलामाइनची भुकटी, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत तापवत. जस्ताची वाफ तयार होताच तांबे ती शोषून घेई आणि पितळ बने. आत स्वतंत्र धातू आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते. पण शास्त्रज्ञांचे अडत होते. स्फटिकशास्त्राचा पाया घालणारे फ्रेंच विद्वान रने-जुस्त हॉयी यांचे मत असे की सारे कॅलामाइन एकाच जातीचे, म्हणजे जस्ताचे साधे ऑक्साइड आहे, आणि अम्लात दिसणारी फसफस ही मिसळलेल्या चुनखडीची आहे. जेम्स स्मिथसन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाला हे पटले नाही. त्याने सॉमरसेट आणि डर्बीशायरचे नमुने घेतले, ऑस्ट्रियातल्या ब्लायबर्गचा घेतला, आणि हंगेरीतून आलेला, तापवल्यावर विजेचा भार दाखवणारा नमुनाही घेतला. प्रत्येकाचे वजन, तापवल्यावर घटलेले वजन, अम्लात निघालेला वायू असे सारे मोजले. १८०२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. इंग्लंडचे नमुने जस्त आणि कार्बॉनिक अम्ल यांचे खरे संयुग आहेत, आणि हंगेरीचा विजेचा नमुना सिलिका असलेला, सर्वस्वी निराळा पदार्थ आहे, हे त्याने दाखवून दिले. कार्बोनेटमधल्या घटकांचे त्याने काढलेले प्रमाण आजच्या प्रमाणाच्या, म्हणजे शेकडा ६५ भाग जस्ताचे ऑक्साइड आणि ३५ भाग कार्बन डायऑक्साइड यांच्या, अगदी शेजारी बसते. हे त्याने हाताने चालवायच्या तराजूवर साधले होते, याचे मला आजही कौतुक वाटते.

स्मिथसनची खासियत थोड्यात थोडा नमुना घेऊन काम करण्याची. एका स्त्रीच्या गालावरून ओघळणारा अश्रू टिपून त्याने त्याचे पृथक्करण केले, अशी आठवण त्याच्या मृत्यूनंतर रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी सांगितली होती. फुंकनळीच्या ज्योतीत तांदळाच्या दाण्याहून लहान कण तापवून निष्कर्ष काढणाऱ्या त्या पिढीकडून आपण अजून शिकू शकतो. जस्ताची फुंकनळीची खूण आजही तितकीच खरी आहे : कोळशावर तापवलेल्या चूर्णाभोवती जो लेप बसतो तो गरम असताना पिवळा आणि निवल्यावर पांढरा होतो. त्या लेपावर कोबाल्ट नायट्रेटचा थेंब टाकून पुन्हा तापवले की हिरवा रंग उमटतो. रंगावर विश्वास ठेवायचाच असेल तर असा ठेवावा, जो आपण स्वतः कारण माहीत असताना उमटवला आहे. हल्ली क्षेत्रात काम करणारे भूवैज्ञानिक पोटॅशियम फेरिसायनाइड, ऑक्झॅलिक अम्ल आणि डायएथिलॲनिलीन यांचे द्रावण खडकावर फवारतात. जस्त असेल तिथे नारिंगी-लाल डाग येतो. ते द्रावण विषारी आहे, घरी करण्याचे काम नव्हे.

स्मिथसन १८२९ साली जिनोआत वारला. त्याने कधीही न पाहिलेल्या अमेरिकेत ज्ञानाच्या वाढीसाठी आणि प्रसारासाठी संस्था काढावी, अशी तरतूद मृत्युपत्रात होती, आणि संपत्ती आधी ज्याच्याकडे गेली त्या पुतण्याला वारस नसल्याने ती अमलात आली. पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीची सोन्याची नाणी समुद्रमार्गे गेली, आणि १८४६ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. खनिजाला त्याचे नाव त्याआधीच, १८३२ मध्ये, फ्रांस्वा ब्यूदाँ यांनी दिले होते. त्याचा स्वतःचा काही हजार नमुन्यांचा खनिजसंग्रह मात्र जानेवारी १८६५ मध्ये संस्थेच्या इमारतीला लागलेल्या आगीत नष्ट झाला. ज्या तुकड्यांवर हाताने काम केले ते गेले, मोजून लिहिलेले आकडे राहिले. त्या आकड्यांमुळेच आपण आज त्याचे काम तपासू शकतो.

आपल्याकडची जस्ताची कहाणी याहून जुनी आहे, आणि मराठी वाचकाने ती अभिमानाने पण काटेकोरपणे सांगावी असे मला वाटते. जस्ताचे अवघड दुखणे हे की ते ९०७ अंश सेल्सियसला उकळते. धातुकातून ते सुटते तेव्हा भट्टी त्याहून तापलेली असते, म्हणून ते वाफ होऊनच बाहेर पडते आणि हवा लागताच जळून पांढरा धूर होते. उदयपूरजवळच्या जावर इथल्या कारागिरांनी वाफ खाली वळवून, हवा लागू न देता निववण्याची युक्ती काढली. मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या ठेवायच्या, वर उष्णता, खाली थंड भांडे. १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात प्रत्येकी ३६ मुशींच्या भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. जावरचे धातुक मुख्यत्वे स्फॅलेराइट आहे, स्मिथसोनाइट नव्हे. तो फरक पुसू नये. मात्र रसशास्त्राच्या ग्रंथांत ज्याला रसक किंवा खर्पर म्हटले आहे, ते कॅलामाइनच असे प्रफुल्लचंद्र रे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ठरवले. रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला आहे. त्यात वांग्याच्या आकाराच्या मुशीत रसकापासून सत्त्व काढण्याची कृती आहे आणि रसकाचे दोन प्रकारही दिले आहेत : थराथरांचा तो दर्दुर, बिनथरांचा तो कारवेल्लक. कारवेल्लक म्हणजे कारले. गुच्छाकार स्मिथसोनाइटचा उंचसखल पृष्ठभाग एकदा पाहिला की ते नाव ठेवणाऱ्याने दगड हातात घेऊन पाहिला असणार, असे वाटल्यावाचून राहत नाही.

युरोपात याच धातुकापायी देशांची सीमा अडली होती. आखेनजवळच्या मोरेस्नेटच्या कॅलामाइन खाणीवर प्रशिया आणि नेदरलँड्स दोघांचाही डोळा होता. शेवटी १८१६ मध्ये खाणीसकट साडेतीन चौरस किलोमीटरचा पट्टा तटस्थ ठेवण्यात आला. खाण १८८० च्या दशकात संपली, तटस्थ प्रदेश १९२० पर्यंत टिकला. तिथल्या जस्ताने भरलेल्या मातीत एक पिवळ्या फुलांचा व्हायोला वाढतो. दुसरी झाडे जिथे तग धरत नाहीत तिथे हा फुलतो, आणि जुने शोधक त्याच्यावरून धातुकाचा माग काढत. आपल्या घराघरांत कॅलामाइनचे नाव उरले ते घामोळ्यांवरच्या लोशनमुळे. ते लोशन जस्ताच्या ऑक्साइडचे असते आणि त्याचा गुलाबी रंग किंचित मिसळलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. इथेही रंग जस्ताचा नाहीच.

या खनिजाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट केली खाणीची आहे. न्यू मेक्सिकोच्या मॅग्डालेना डोंगरातली ही खाण शिसे आणि चांदीसाठी चालवली जात होती. धातुकाबरोबर निघणारा निळसर हिरवा दगड निरुपयोगी म्हणून वर्षानुवर्षे ढिगाऱ्यावर फेकला गेला. तो सगळ्यांना दिसत होता; देखणाही होता. सोकोरोच्या कोनी ब्राउन यांनी तो काय आहे हे तपासून घेतले तेव्हा कळले की हे जस्ताचे कार्बोनेट आहे, वजनाच्या निम्म्याहून अधिक जस्त असलेले. जुने ढिगारे भाड्याने घेतले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या भागाची भरभराट जस्तावर झाली. आज त्याच निळ्या-हिरव्या तुकड्यांसाठी संग्रहालये आणि संग्राहक मोठी किंमत मोजतात. वर्षानुवर्षे रंग पाहणारे पुष्कळ होते. रंगापलीकडे जाऊन तपासून घेणारा एक निघाला तेव्हा खाणीचे दिवस पालटले.

या पुस्तिकेत पुढे प्रत्येक खनिजासाठी हाच क्रम ठेवला आहे : आधी वजन, मग कठिनता, कस, पाटन, शेवटी अम्ल. रंग अगदी तळाशी दिला आहे. मॅलॅकाइटच्या प्रकरणात हा क्रम काहींना जाचक वाटेल, कारण तिथे रंग बहुधा बरोबरच सांगतो. तरीही तो मोडू नये, कारण हात एकदा या क्रमाला सरावला की फसव्या नमुन्यांपुढेही तो डगमगत नाही. प्रयोगशाळेतली क्ष-किरण विवर्तन किंवा रामन वर्णपट यांसारखी साधने अंतिम शब्द देतात आणि शंका उरली तर तिकडेच जावे. पण त्या दारापर्यंत कोणता नमुना न्यायचा हे ठरवायला काटा, दोरा आणि तांब्याचे नाणे पुरेसे आहे.

एक विनंती मात्र प्रत्येक वाचकाला. वजन, कठिनता, कस या गोष्टी चुकल्या तर उद्या पुन्हा मोजता येतात. नमुना कोणत्या खाणीतून आला हे एकदा हरवले की कोणत्याही उपकरणाने खात्रीने परत मिळत नाही, आणि त्यातला पाहुणा तांबे का, कोबाल्ट का, याचे उत्तर त्या ठिकाणाच्या भूगर्भातच असते. म्हणून नमुना घ्याल तेव्हा खाणीचे आणि गावाचे नाव विचारून घ्या, चिठ्ठीवर तारखेसह लिहा आणि ती चिठ्ठी नमुन्यासोबतच ठेवा. आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठी असेल तर ती चुकीची वाटली तरी फेकू नका. तिच्या खाली आपली नवी जोडा.